गोल पिन, चपटी पिन आणि मधला दुभाष्या

बालमित्रांनो, आज एक काम करा. तुमच्या शाळेत संगणकाची खोली असेल, तर तिथल्या लोखंडी कपाटाच्या वर किंवा मागे जरा डोकावून बघा. धूळ खात पडलेले चार-दोन कीबोर्ड तिथे हमखास सापडतील. रंग मूळचा पांढरट, पण आता पिठल्यासारखा पिवळा पडलेला. उचलला तर चांगला जड. कळ दाबली तर खट्‌कन वाजते. सगळं ठणठणीत! फक्त वायरीच्या टोकाला गोल पिन आहे, आणि शाळेत नव्यानं आलेल्या संगणकाला गोल भोकच नाही. त्याला आहेत ती सगळी चपटी, म्हणजे यूएसबीची.

मग ठरलेला प्रश्न येतो, "बाई, हे भंगारात द्यायचं का?"

थांबा! आधी त्याच्याशी जरा बोलून बघू या. कारण कीबोर्ड बोलतो, बरं का. आणि पिन बसली म्हणजे बोलणं कळलंच, असं मुळीच नाही. सगळी मेख तिथेच आहे.

आपल्या राहुरी तालुक्यातल्या मुलांना हे समजावून सांगणं सोपं आहे. तुमच्यापैकी अनेकांची शेती मुळा धरणाच्या कालव्यावर किंवा विहिरीवर. मोटारीचा पाइप तीन इंची आणि पुढचा पाइप अडीच इंची असला, तर तुमचे वडील किंवा आजोबा काय करतात? मध्ये एक रेड्युसर बसवतात. रेड्युसर पाण्याला काही करत नाही. इकडचं पाणी तिकडे जातं, एवढंच. आता दुसरं उदाहरण घेऊ. वांबोरीच्या कांदा बाजारात समजा तमिळनाडूचा एक ट्रकवाला आला. त्याला मराठी येत नाही, हमालाला तमीळ येत नाही. दोघांना एकमेकांसमोर उभं केलं म्हणून काम होईल का? तिथे दोन्ही भाषा जाणणारा दुभाष्या लागतो.

संगणकाच्या दुकानात ज्याला सरसकट 'अडॅप्टर' म्हणतात, त्यात हे दोन्ही प्रकार येतात. काही नुसते रेड्युसर असतात, काही खरे दुभाषे असतात. दिसायला दोघे सख्खे भाऊ! चुकीचा आणला की पैसे गेले आणि वर आपणच म्हणतो, "कीबोर्ड बिघडलेला होता." म्हणून आधी कीबोर्डाच्या भाषा समजून घेऊ.

पिनांची पिढी

१९८१ साली आयबीएम कंपनीनं आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याच्या कीबोर्डाची पिन अंगठ्याएवढी जाड, गोल आणि आत पाच काड्या. तो कीबोर्ड नुसता सांगायचा, ऐकायचा नाही. पुढे १९८४ मध्ये त्याच कंपनीचा 'एटी' नावाचा संगणक आला. त्याच्या कीबोर्डाला ऐकूही येऊ लागलं. गंमत म्हणजे पिन मात्र तीच जाड गोल ठेवली. म्हणजे पिन बसते, पण भाषा वेगळी! त्या काळातल्या काही कीबोर्डांच्या पोटाशी 'एक्सटी' आणि 'एटी' असं लिहिलेलं एक छोटं बटण असतं, ते याचसाठी. तुम्हाला तसा कीबोर्ड सापडला तर बटण 'एटी'कडे सरकवून ठेवा.

१९८७ मध्ये आयबीएमनं 'पीएस/२' नावाची संगणकांची नवी मालिका काढली आणि तिच्यात पिन बारीक झाली. आत सहा काड्या. त्यातल्या कामाच्या चारच: एक वीज आणणारी, एक वीज परत नेणारी, एक बोलण्याची आणि एक ताल धरणारी. ती मालिका लोक केव्हाच विसरले, पण पिनेला तिचं नाव कायमचं चिकटलं. बाजार उठून गेला तरी गल्लीचं नाव 'बाजारतळ'च राहतं ना, तसं. पुढे नव्वदच्या दशकाच्या शेवटी या पिनांना रंग ठरले. कीबोर्डाची जांभळी, माउसची हिरवी. वर्गात चुकीच्या भोकात पिन खुपसणाऱ्यांची संख्या त्यामुळे बरीच कमी झाली असणार!

पालकहो, २००१ साली एमकेसीएल ही संस्था सुरू झाली आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत निघाले. तुमच्यातल्या अनेकांनी त्या सुरुवातीच्या वर्षांत हा कोर्स केला असेल. तेव्हा तुमच्या बोटांखाली होता तो बहुधा याच जांभळ्या पिनेचा कीबोर्ड.

आता चपट्या पिनेकडे येऊ. यूएसबीचा पहिला आराखडा जानेवारी १९९६ मध्ये जाहीर झाला. सात कंपन्यांनी मिळून तो तयार केला. इंटेल कंपनीतल्या ज्या चमूनं त्यात पुढाकार घेतला, त्यात अजय भट्ट हे नाव फार महत्त्वाचं. भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. होय, आपल्या सयाजीराव गायकवाडांचं बडोदं! तोपर्यंत कीबोर्डाला एक भोक, माउसला दुसरं, प्रिंटरला तिसरं अशी संगणकाच्या पाठीवर नुसती चाळण झाली होती. या सगळ्यांना मिळून एकच भोक असावं, अशी यूएसबीची कल्पना. तेवढी ती पिन पहिल्या झटक्यात सुलटी बसली असती तर किती बरं झालं असतं! तुमचीही नेहमी उलटीच लागते ना? ती सोय थेट 'टाइप-सी' या छोट्या पिनेत झाली. तिचा आराखडा २०१४ मधला.

कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही

आता खरी गंमत. तुम्ही 'के' ही कळ दाबलीत, तर वायरीतून काय जातं? 'के' हे अक्षर? छे! जातो एक आकडा. जुना पीएस/२ कीबोर्ड सांगतो, '६६'. बोट उचललं की सांगतो, '२४०, ६६', म्हणजे 'सहासष्ट नंबरची कळ सोडली'. यूएसबीच्या भाषेत त्याच कळेचा आकडा आहे १४.

दोन भाषांमधला फरक बघा. यूएसबीमध्ये 'ए'चा आकडा ४, 'बी'चा ५, 'सी'चा ६, 'डी'चा ७. अगदी हजेरीपटासारखे ओळीनं. जुन्या भाषेत 'ए' २८, 'बी' ५०, 'सी' ३३ आणि 'डी' ३५. हे आकडे कळ कीबोर्डावर कुठे बसवली आहे त्यावरून पडले, एबीसीडीशी त्यांचा संबंध नाही. म्हणजे २८ ऐकलं की ४ सांगायचं आणि ५० ऐकलं की ५ सांगायचं, असा पाढा पाठ असलेला कोणीतरी मध्ये हवा. दुभाष्या अडॅप्टरच्या पोटात नखाएवढी चिप असते, तिला हा पाढा पाठ असतो. याला दुकानात 'कन्व्हर्टर' किंवा 'अ‍ॅक्टिव्ह अडॅप्टर' म्हणतात.

आकड्यांबरोबर बोलण्याची रीतही निराळी. वर्गात काही मुलं कशी असतात? उत्तर आलं की बाईंनी विचारण्याआधीच ओरडतात. पीएस/२ कीबोर्ड तसा आहे. कळ दाबली की लगेच संगणकाला हाक मारतो. यूएसबीचा कीबोर्ड शिस्तीचा. विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. संगणकच त्याला एका सेकंदात सुमारे शंभर वेळा विचारतो, "काही दाबलं का? काही दाबलं का?" त्यामुळे दुभाष्याला आणखी एक काम लागतं. जुन्या कीबोर्डाची हाक ऐकायची, लक्षात ठेवायची आणि नव्या संगणकानं विचारलं की सांगायची. नुसत्या तारा जोडणाऱ्या रेड्युसरला हे कसं जमणार?

आता या आकड्यांचा तुमच्या-आमच्या मराठीशी काय संबंध, ते ऐका. कीबोर्ड फक्त कळेचा आकडा सांगतो, त्या आकड्याचं अक्षर संगणक ठरवतो. संगणकात इंग्रजी निवडलेलं असेल तर ती कळ 'के' उमटवते. मराठी इन्स्क्रिप्ट निवडलं तर तीच कळ 'क' उमटवते. 'एच'च्या कळेवर 'प' येतो, 'जे'वर 'र', 'एल'वर 'त'. इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठी ऐंशीच्या दशकात ठरवलेली कळांची मांडणी. एके काळी साध्या संगणकावर मराठी दिसावं म्हणून आत 'जिस्ट' नावाचं वेगळं कार्डच बसवावं लागे. त्याचं काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. आता मराठी संगणकाच्या आतच असते. म्हणून कपाटावरच्या त्या पिवळ्या कीबोर्डावर एकही देवनागरी अक्षर छापलेलं नसलं, तरी त्याच्यावर अख्खा निबंध मराठीत लिहिता येतो. कोणती कळ कुठे, हे तेवढं बोटांना माहीत हवं.

रुपयाचं चिन्हही तसंच. ते २०१० साली ठरलं. त्याआधीच्या कीबोर्डावर ते छापलेलं असणं शक्यच नाही. पण विंडोजमध्ये 'इंग्लिश-इंडिया' ही मांडणी निवडा, उजवीकडची 'आल्ट' दाबून धरा आणि वरच्या ओळीतला ४ दाबा. उमटलं ना ₹?

दुकानात जाण्याआधी

सर्वांत आधी संगणकाच्या पाठीमागे नीट बघा. हे सांगायला नको असं वाटेल, पण सांगतेच. कारण नव्या डेस्कटॉप संगणकांपैकी काहींना आजही एक गोल भोक असतं, अर्धं जांभळं नि अर्धं हिरवं. ते असेल तर काहीच विकत आणायला नको. संगणक पूर्ण बंद करा, पिनेवरचा बाण आणि आतली प्लॅस्टिकची पट्टी जुळवा, पिन हळूच बसवा आणि मग संगणक सुरू करा. चालू संगणकाला गोल पिन लावायची किंवा काढायची नाही. यूएसबीला ते चालतं, पीएस/२ त्यासाठी केलेलं नाही. कधी कधी संगणकाच्या आतला भागच त्यानं निकामी होतो. आणि जोर लावू नका. त्या काड्या सुईसारख्या असतात, एकदा वाकल्या की सरळ करताना मोडतात.

गोल भोक नसेल तर अडॅप्टर लागणार. इथे एक फसगत होते. माउसच्या खोक्यातून येणारा तो छोटा हिरवा ठोकळा तुम्ही पाहिला असेल. एका बाजूला चपटं भोक, दुसरीकडे गोल पिन. तो उलट्या कामाचा आहे! नवा यूएसबी माउस जुन्या संगणकाला लावण्यासाठी. शिवाय तो चालतो तोही माउसला दोन्ही भाषा येत असल्या तरच. आपल्याला हवं ते गोल भोक आणि चपटी पिन असलेलं. त्यातही असाच छोटा ठोकळा मिळतो, स्वस्तही असतो, पण तो रेड्युसर. ज्या थोड्या कीबोर्डांना जन्मतःच दोन्ही भाषा येतात त्यांनाच तो उपयोगी. बाकीच्यांना त्यानं वीज पोचते, दिवे क्षणभर लुकलुकतात आणि पुढे सगळं शांत.

खऱ्या दुभाष्याची ढोबळ खूण म्हणजे त्याला सहसा छोटी केबल असते. एका टोकाला चपटी पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन गोल भोकं, एक जांभळं आणि एक हिरवं. दोघांचं बोलणं एकाच पिनेतून न्यायचं म्हणजे आत चिप असावीच लागते. दुकानदाराला विचारा, "काका, हा अ‍ॅक्टिव्ह आहे का?" आणि जमलं तर कीबोर्ड दुकानातच घेऊन जा. तिथेच लावून बघा.

दुभाष्या नीट काम करतोय हे ओळखायची एक युक्ती सांगते. 'कॅप्स लॉक' दाबा. तिथला दिवा कोण लावतं? तुम्ही म्हणाल कीबोर्ड. चूक! कीबोर्ड संगणकाला सांगतो की अमुक कळ दाबली, आणि संगणक उलट निरोप पाठवतो, "दिवा लाव." दिवा लागला म्हणजे जातानाचंही भाषांतर झालं आणि येतानाचंही.

जाड पिनेचा कीबोर्ड असेल तर दोन पायऱ्या कराव्या लागतात. 'एटी'ची जाड पिन आणि पीएस/२ची बारीक पिन यांची भाषा एकच आहे, म्हणून तिथे रेड्युसर चालतो. पुढे बारीक गोल पिनेपासून चपट्या पिनेपर्यंत मात्र दुभाष्याच हवा.

आता पालकांसाठी दोन शब्द. हिशेब सरळ आहे. एक चांगला कन्व्हर्टर घ्यायला जेवढे पैसे पडतात, साधारण तेवढ्यातच एखादा साधा नवा कीबोर्ड येतो. म्हणून मऊ कळांचा, निम्मी अक्षरं पुसलेला साधा जुना कीबोर्ड वाचवण्यासाठी धडपडू नका. कीबोर्ड दणकट असेल तर मात्र गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या टायपिंगवाल्यांना आणि डीटीपी करणाऱ्यांना 'टीव्हीएस गोल्ड' विचारा, डोळे चमकतात! त्याच्या प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंगचा खटका असतो. तासन् तास मराठी बडवणाऱ्या बोटांना तो खटकाच लागतो. तुमच्या घरात टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणारी ताई किंवा दादा असेल आणि असा कीबोर्ड गोल पिनेपायी पडून असेल, तर दुभाष्याचे पैसे नक्की वसूल होतील. शिवाय एका केबलवर कीबोर्ड आणि माउस दोन्ही लागतात, हे विसरू नका.

आणि ज्यांच्या घरी संगणकच नाही त्यांचं काय? २०२०-२१ मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा आईच्या किंवा बाबांच्या मोबाइलवर अंगठ्यानं उत्तरं लिहून कित्येकांची बोटं दुखली. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलला 'ओटीजी' नावाची छोटी जोडणी लावली की कीबोर्ड चालतो. ओटीजी, तिला दुभाष्या, दुभाष्याला जुना कीबोर्ड अशी आगगाडी जोडायची! मोबाइलची बॅटरी जरा लवकर संपते आणि मराठीची मांडणी सेटिंगमध्ये आहे का ते शोधावं लागतं. पण इंग्रजी टायपिंगचा सराव त्यावर मजेत होतो.

माउसची गोष्ट निराळी

माउसचा जन्म सांगायचा तर आपलं राहुरीचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं त्याच वर्षी, १९६८ मध्ये, ९ डिसेंबरला अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांनी लोकांसमोर माउस चालवून दाखवला. त्यांचा पहिला नमुना तर चक्क लाकडी होता.

हिरव्या पिनेचा माउस असेल तर वर सांगितलेलंच सगळं लागू. पण त्याच्याही आधीच्या काही माउसना नऊ भोकांची चपटी, रुंद पिन असते आणि दोन्ही बाजूंना स्क्रू असतात. त्याला 'सिरियल माउस' म्हणतात. त्याच्यासाठी नुसता दुभाष्या पुरत नाही. यूएसबीची सिरियल केबल मिळते, ती बोलणं संगणकापर्यंत पोचवते, पण 'पलीकडे माउस आहे' हे संगणकाला वेगळ्या प्रोग्रामनं सांगावं लागतं. माझं मत विचाराल तर हा खटाटोप मोठ्या माणसांनी हौस म्हणून करावा. शाळेत तो माउस उघडून दाखवायला ठेवावा.

उघडण्यात तर खरी मजा! पोटाची गोल चकती फिरवली की रबरी गोळी टपकन हातात येते. आत दोन बारीक रूळ दिसतात, एक आडवं सरकणं मोजतो आणि दुसरा उभं. रुळाच्या टोकाला फटी असलेलं चाक असतं. चाक फिरलं की फटींतून येणारा न दिसणारा प्रकाश लपतो-दिसतो, आणि किती वेळा लपला ते मोजून बाण सरकतो. माउस अडखळत असेल तर बहुतेक वेळा त्या रुळांवर मळाची पट्टी बसलेली असते. आइसक्रीमच्या काडीनं ती खरवडून काढा, गोळी साबणानं धुऊन वाळवा आणि परत बसवा. आधी वायर काढायला विसरू नका.

इतकं करूनही काही कीबोर्ड बोलणार नाहीतच. मेले ते मेले. पण त्यांची वायर तांब्यासाठी जाळायची नाही. कोणी जाळताना दिसलं तर लांब राहा, त्या प्लॅस्टिकचा धूर फार विषारी असतो. ई-कचऱ्यासाठी आपल्या देशात २०११ पासून नियम आहेत. असं सामान जमा करून अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्यायचं. एकेक देण्यापेक्षा शाळेनं वर्षातून एकदा गोळा केलं तर सोपं जातं.

देण्याआधी मोठ्यांच्या मदतीनं सपाट पेचकसानं कळा मात्र उचकटून घ्या. कोमट पाण्यात साबण टाकून धुवा आणि पहिलीच्या वर्गाला देऊन टाका. पहिलीची पोरं त्या कळा मांडून इंग्रजीत नावं जुळवतात. एकच अडचण आहे. एका कीबोर्डात 'ए' एकच असतो, आणि 'आई' लिहायला दोन लागतात. 'बाबा'ला तर दोन 'बी' नि दोन 'ए'. तेव्हा मेलेले कीबोर्ड दोन तरी बघा.